नसलेली विहीर

१

ड्रायव्हिंग शिकवणारे ते गृहस्थ आधी वेळ न ठरवता आले, बाहेर बसणाऱ्या मुलीला न जुमानता थेट आतल्या खोलीत शिरले आणि त्यांनी आपला फोन ताईच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

"वाचा."

ताईने वाचलं. 'नमस्कार. आपली कन्या आता सज्ञान झाली आहे. तिचा जन्मदाता कोण हे तिला सांगून टाकावे. मनावरचा भार हलका होईल. आपला हितचिंतक.'

नंबर अनोळखी होता.

"ही गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलीय," गृहस्थ म्हणाले. भर रहदारीत शिकाऊ पोरांना धीर देणारा त्यांचा आवाज आज पार चिरकला होता. "याच खुर्चीत बसून. तुम्हाला."

"मी कुणालाही एक शब्द..."

"मग काय भिंतींनी सांगितलं? पोरगी कितीदा माझा फोन घेऊन बसते. तिनं आधी उघडला असता तर?"

 लोकांचं ऐकून घेणं हेच ताईचं काम. समुपदेशन असा जड शब्द दारावरच्या पाटीवर होता, पण येणारे सगळे तिला नुसतं ताई म्हणत. पहिल्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत माणसं येत, दार लागे, आणि घरात कुणापाशी काढता न आलेले शब्द तिथे निघत. इथलं बाहेर जात नाही, एवढ्याच भरवशावर तिचं सगळं उभं होतं.

गृहस्थ निघाले. दारात थांबले.

"तुम्ही नाही सांगितलंत असं मला वाटतंय. पण वाटून काय उपयोग?"

ते जिना उतरताहेत तोच ताईचा फोन वाजला. एका शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई होत्या. तिच्याकडे येऊ लागून त्यांना फार दिवस झाले नव्हते.

"ताई," त्या कुजबुजल्या, "मला एक मेसेज आलाय. विहिरीचा."

२

दोघी शाळेजवळच्या खेळाच्या मैदानावर भेटल्या. खोलीत काहीतरी बसवलेलं असणार, अशी ताईची खात्री झाली होती. शिक्षिकेला तिने फोन शाळेतच ठेवून यायला सांगितलं, आपला गाडीत ठेवला, आणि दोघी धावपट्टीच्या कडेकडेने चालू लागल्या. मेसेज शिक्षिकेने कागदावर उतरवून आणला होता.

'विहिरीत कोणाला लपवले आहे हे मला समजले आहे. आपल्या बंधूंना आपणच सांगावे. अन्यथा मला सांगावे लागेल. हितचिंतक.'

"आमच्याकडे विहीरच नाही हो," शिक्षिका म्हणाली. "सासरी नाही, माहेरी नाही. हा शब्द मी तुमच्यापुढे काढलेलासुद्धा नाही. हा माणूस काय करणार आहे? वहिनीला विहिरीत ढकलणार?"

तिची वहिनी, म्हणजे भावाची बायको, घरातून नाहीशी झाली होती. भाऊ तिला सगळीकडे शोधत होता. त्याच्या घराचं दार उघडलं की त्याच्या फोनवर कळायचं. बायको कुठल्या गल्लीत वळली, दुकानात किती वेळ थांबली, कुणाला फोन केला, सगळं त्याला बसल्या जागी दिसायचं. आणि संध्याकाळी त्याचा जाब घेतला जायचा. कधी तोंडाने, कधी हाताने. शेवटी नणंदेनेच तिला बाहेर काढलं होतं. फोन उशीखाली ठेवून वहिनी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली होती. वहिनी सोडली तर हे जगात तिघींनाच ठाऊक होतं. त्यांतली तिसरी ताई.

"आहे कुठे ती आता?" ताईने विचारलं. आजवर तिने हे मुद्दामच विचारलं नव्हतं.

शिक्षिकेने मागे वळून पाहिलं. धावपट्टीवर कुणी नव्हतं. "मोठ्या इस्पितळामागे नर्सेसचं हॉस्टेल आहे ना, तिथे. माझ्या मैत्रिणीच्या खोलीत. मला काही झालं तर कुणाला तरी माहीत असावं."

मैत्रिणीचं नाव सांगून शिक्षिका शाळेकडे गेली. ताई गाडीत बसली, काचा वर केल्या आणि सवयीप्रमाणे फोन तोंडाजवळ धरून भेटीची नोंद बोलून ठेवली. बोललेलं फोन आपोआप लिहून घ्यायचा. टंकायचा कंटाळा म्हणून ती नेहमी असंच करायची. बाहेर मोकळं मैदान, दूरवर चिटपाखरू नाही. सकाळपासून पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटलं.

हे बरं वाटणं घराच्या दारापर्यंत टिकलं. दारावरच्या घंटीला डोळा होता. बैठकीत बोलका स्पीकर होता. दिवा लाव म्हटलं की लावायचा, गाणं म्हण म्हटलं की म्हणायचा. हे सगळं नवऱ्याने हौसेने आणलेलं. पासवर्ड, बिलं, घरातल्या सगळ्यांचं एकच खातं, सगळं तोच बघायचा. ताईला आजवर ती सोय वाटत होती. आज चपला काढताना तिला वाटलं, घंटीचा डोळा तिच्याबरोबर खाली वाकला.

जेवायला नेहमीसारख्या वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण. वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. कचेरीत टंकलेखन करून निवृत्त झाल्या होत्या. आता दिवस सरता सरत नसे, म्हणून जेवणाच्या निमित्ताने खाली यायच्या.

"माझ्याकडे येणाऱ्यांना कुणीतरी घाबरवतंय," ताई एवढंच म्हणाली. त्यापुढे एक अक्षर नाही.

नवऱ्याने मान वर केली. वन्संचा घास हातातच राहिला.

"मग पोलिसांत सांग की गं," त्या म्हणाल्या. "एकदा सगळं उपसून बघू देत त्यांना. असल्या गोष्टीत वेळ घालवू नये. कुणाच्या जिवाचा प्रश्न असायचा."

त्यांनी घास परत ताटात ठेवला. माझ्या काळजीने, असं ताईला वाटलं आणि तिला भरून आलं.

जेवणं झाल्यावर तिने स्पीकरची वायर उपटली. तरी त्याच्याकडे पाठ करून बसवेना, म्हणून वर टॉवेल टाकला. न्हाणीघरात नळ सोडून नवऱ्याशी चार शब्द बोलावे असं मनात आलं. लगेच दुसरा विचार आला.

नवऱ्याशी बोलायचं? पण तोच असेल तर?

सकाळ होताच तिने मावशीला फोन लावला. घरातून नव्हे, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून.

३

ही मावशी म्हणजे आईची मावसबहीण. सारी हयात पोलीस खात्यात गेली, त्यामुळे नात्यागोत्यात तिला फौजदारमावशी हेच नाव पडलं होतं. आता ती गुलाब लावायची. पण माणसाकडे बघतानाही कुठून छाटावं याचा अंदाज घेतेय, असं वाटायचं.

"बेबी, आधी पाणी पी," मावशी म्हणाली. चाळिशी उलटलेल्या ताईला बेबी म्हणणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. "आणि मला सांग. सगळं."

"सगळं सांगता येणार नाही. ते माझं नाही."

"मग त्यांना विचार."

ताईने दोघांनाही विचारलं. गृहस्थ 'आता झाकायला राहिलंय काय' म्हणाले. शिक्षिका म्हणाली, "सांगा. पण वहिनीची जागा नको."

मावशीने दोन्ही मेसेज वाचले आणि भुवया उंचावल्या.

"गंमत बघ. धमकावणारा माणूस काहीतरी मागतो. हा काहीच मागत नाही. नमस्कार काय, आपली कन्या काय, बंधू काय! याला लुबाडायचं नाहीये. याला लोकांना सुधारायचंय."

"म्हणजे जरा कमी धोक्याचा?"

"छे! लुबाडणारा पैसे मिळाले की थांबतो. सुधारणारा कशाने थांबणार?"

दुपारी मावशी त्या दोन खोल्यांत येऊन बसली. मेसेजवरच्या नंबराला तिने फोन लावून पाहिला. तो वाजलाच नाही. मग बाहेर बसणाऱ्या मुलीला आत बोलावलं. मुलगी चांगली तिशीतली होती, पण तिला सगळे मुलगीच म्हणत. सगळ्यांचे नंबर तिच्याकडे असायचे, आणि तिच्या टेबलापासून आतलं दार हाताच्या अंतरावर.

"आतलं ऐकू येतं?"

"रडणं येतं," मुलगी म्हणाली. "शब्द नाही येत. रडणं आलं की मी पंखा वाढवते. थंडीतसुद्धा वाढवते. बसलेली माणसं माझ्याकडे रागाने बघतात."

"ऐकावंसं कधी वाटलं नाही?"

मुलीने मावशीकडे सरळ पाहिलं. "पहिल्या आठवड्यात वाटलं होतं. मग एका बाईंचं थोडं कानावर पडलं. जेवण गेलं नाही दोन दिवस. त्यानंतर नाही वाटलं."

मावशीने मान डोलावली आणि तिला जायला सांगितलं.

मग नवरा आला. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"जावईबापू, फोन द्या बघू."

त्याने दिला. मावशीने तो न बघताच आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "आता सांगा. बेबी कुठे असते ते तुम्हाला कळतं?"

नवरा ताईकडे न बघता म्हणाला, "हो."

"कसं?"

"फोनवर दिसतं. म्हणजे मी दिसेल असं करून ठेवलंय. काळजी वाटते म्हणून. आणि बाहेर बसायच्या खोलीत एक छोटा कॅमेरा आहे. तोही काळजीनेच. आवाज येत नाही त्यात, शपथ."

 इतकी वर्षं ताई ज्या माणसाच्या शेजारी झोपत होती, तो दुपारभर तिच्याकडे येणाऱ्यांचे चेहरे बघत होता. सांगितलं असतं तर तिने कदाचित हो म्हटलंही असतं. सांगितलं नाही, तेच तिच्या छातीवर येऊन बसलं.

"काल मैदानावर काय काम होतं?" त्याने हळूच विचारलं. भोळेपणानेच विचारलं, आणि म्हणूनच ते अधिक भयंकर वाटलं.

त्याच क्षणी बाहेरून मुलीचा आवाज आला. "अहो, आत माणसं आहेत! थांबा जरा, अहो!"

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच माणूस दारात उभा होता. हसत होता.

"नमस्कार," तो म्हणाला. "माझी बहीण तुमच्याकडे येते. गणित शिकवते ती. तिचा मी भाऊ."

४

ताईने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचा नंबर मात्र तिच्या फोनमध्ये होता. पहिल्या भेटीत शिक्षिकेने तातडीला म्हणून भावाचा नंबर दिला होता. तेव्हा वहिनीचा विषय निघालेला नव्हता.

तो न सांगताच बसला. भिंतीवरचं चित्र किंचित कलतं होतं. उठून त्याने ते बोटाने सरळ केलं आणि पुन्हा बसला. बोलणं इतकं गोड, की ऐकणाऱ्याने माफी मागावी.

"मला काल एक मेसेज आला. 'आपल्या भगिनीला विहिरीविषयी विचारावे.' बहिणीला विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण म्हणते काही नाही. तुमच्याकडे तिचं येणं-जाणं मला ठाऊक आहे. माझी बायको घरातून गेलीय. आपणहून कुठे जाईल अशातली ती नाही. तिला रस्ते कळत नाहीत. मीच सांगायचो कुठे वळायचं ते." तो पुढे झुकला. "मला फक्त एवढंच सांगा. माझी बायको विहिरीत आहे का?"

 ताईच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. पण नाही म्हणणं म्हणजे ती जिवंत आहे आणि मला ठाऊक आहे, असं सांगणंच. हो म्हणणं तर अशक्य. आणि समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"माझ्याकडे कोण येतं आणि काय बोलतं, यावर मी काहीच बोलत नाही," ती म्हणाली.

"नुसतं नाही म्हणायलासुद्धा?"

"काहीच नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. हसू तसंच होतं. डोळे मात्र तिच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ तपासत होते. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन किणकिणला. त्याने वाचलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"'बहीण सांगत नसल्यास पोलिसांत जावे व पाणी उपसण्यास सांगावे. विलंब करू नये. हितचिंतक.' बघा. कुणाला तरी माझी दया येतेय."

तो उठला. दारापाशी वळून म्हणाला, "मी शोधून काढतो, ताई. माझी वस्तू मला सापडतेच."

जिन्यावरचे त्याचे पाय वाजेनासे होईपर्यंत मावशी हलली नाही. मग तिने पर्स उघडली, नवऱ्याचा फोन बाहेर काढला आणि त्याच्या हातात दिला.

"घ्या. आत्ताचा मेसेज आला तेव्हा हा माझ्या पर्समध्ये होता आणि तुम्ही रिकाम्या हाताने माझ्यासमोर. ती मुलगी उघड्या दारात उभी होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून. तुम्ही दोघं सुटलात." ती ताईकडे वळली. "बेबी, आता नीट आठव. शिक्षिकेने विहीर म्हटलंच नव्हतं?"

"नाही."

"मग ऐकणाऱ्याने ऐकलं कुठून? खोलीत कान असता तर त्याने वहिनी ऐकलं असतं. विहीर ऐकणारा कान माणसाचा नाही. तिने वहिनीचं पहिल्यांदा सांगितलं, त्या दिवशी तू हे कुणाला सांगितलंस? कुणाला म्हणजे, कशाला?"

ताईने फोन काढला. तिने त्या दिवशीची नोंद उघडली. त्या दिवशी ती बोलली होती: 'वहिनी तिनेच लपवलीय. भावाला कळलेलं नाही.' बोलली आणि पुन्हा वाचलं नव्हतं. कधीच वाचत नसे.

पडद्यावर होतं: 'विहिरीत तिनेच लपवलीय. भावाला कळलेलं नाही.'

५

"म्हणजे खोलीत काहीच नाही," मावशी म्हणाली. "फोन चुकीचं ऐकून लिहितो आणि ते लिहिलेलं दुसरीकडे कुणीतरी वाचतंय. जावईबापू, हिचं लिहिलेलं आणखी कुठे उघडतं?"

"कुठेच नाही. म्हणजे..." नवरा थबकला. "घरातलं सगळं एकाच खात्यावर आहे. तिच्या फोनवरच्या नोंदी, नंबर, सगळं माझ्या फोनवरही येतं, पण मी ते कधी उघडलं नाही. आणि जुना टॅब. त्यात ते नेटसाठी घेतलेलं सिमही आहे अजून. तो मी अक्काला दिला. मालिका बघायला. खातं काढायचं राहिलंच."

अक्का म्हणजे वन्सं.

ताईला एकदम तो थांबलेला घास आठवला. मी विहिरीचं नावही काढलं नव्हतं, ती म्हणाली, आणि वन्सं म्हणाल्या, उपसून बघू देत.

तिघं गाडीने घरी आली आणि जिना चढून थेट वर गेली. वन्संनी दार उघडलं. टॅब मांडीवरून उचलून त्यांनी छातीशी धरला होता. तो लपवायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.

"मला वाटलंच होतं, तुम्ही याल," त्या म्हणाल्या आणि मटकन बसल्या.

त्या घाबरल्या होत्या. चोराच्या चेहऱ्यावरची भीती मावशीने जन्मभर पाहिली होती. ही ती नव्हती.

"कधीपासून वाचताय, अक्का?"

"दिला तेव्हापासून. आधी कळलंच नाही काय आहे ते. मग सवय लागली. मालिकेत सगळं खोटं असतं. ही माणसं खरी होती." त्यांनी ताईकडे पाहिलं. "माझ्याशी दिवसभर कोण बोलतं गं? जेवताना तुम्ही दोघं आपापल्या फोनमध्ये. तुझ्या त्या लोकांचं वाचून मला वाटायचं, कुणी तरी मलाच सांगतंय. मग वाटलं, ऐकून गप्प बसायचं म्हणजे काय? चांगलं करता येतंय तर करावं."

"चांगलं!" ताई ओरडली.

"त्या पोरीला बाप कळायला नको? आणि ही मास्तरीण. बाई माणूस विहिरीत टाकलं तिने, आणि तू तिला चहा पाजतेस! झोप उडाली माझी. पोलिसांत जावं तर कळलं कसं म्हणून विचारतील. पायाखालची जमीन सरकलीय माझ्या, तुला सांगून कळायची नाही."

मावशीने खुर्ची जवळ ओढली. कोडं सुटलं की ते मांडून दाखवायची तिची जुनी सवय होती, आणि त्या दिवशीही तिला ती आवरली नाही. "अक्का, विहीर नाहीच. फोनने चुकीचं लिहिलं. वहिनी. वहिनी तिनेच लपवलीय. नवरा मारायचा म्हणून. कुणी मेलेलं नाही."

वन्संचं तोंड उघडं राहिलं. मग त्या रडायलाच लागल्या, लहान मुलीसारख्या, हुंदके देत. "जिवंत आहे? देवा रे! जिवंत आहे ती बाई?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "थांबा, तोंड धुऊन येते."

त्या आत गेल्या. नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला. ताईला वाटलं, संपलं. ती खाली बसली. आतून नळाचा आवाज आला, मग थांबला. बराच वेळ काही आवाज नाही.

वन्सं बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. टॅब अजून हातातच होता.

"कळवलं हो त्याला," त्या म्हणाल्या. "तुमची पत्नी सुखरूप आहे, म्हटलं. बिचारा! मारत असेल, पण नवराच ना तो. किती दिवस झुरत असेल."

मावशी उभी राहिली. "काय कळवलंत?"

"सगळं. इस्पितळामागच्या हॉस्टेलात आहे म्हणून. नंतरच्या नोंदीत होतंच की. मला आधी वाटलं, ती मास्तरीणच तिथे लपलीय. आत्ता उलगडा झाला." त्या एकेकाकडे बघू लागल्या. "काय झालं? तुम्हीच म्हणालात ना, जिवंत आहे?"

ताई जिन्याकडे धावत सुटली होती.

६

शिक्षिकेचा फोन कुणी उचलला नाही. ती वर्गावर असणार. मैत्रीण इस्पितळात ड्यूटीवर. मावशी मागच्या सीटवरून आपल्या खात्यातल्या ओळखीच्या माणसांना फोन लावत होती, पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता, आणि मध्येच ती स्वतःशीच म्हणत होती, "मी कशाला बोलले? मी कशाला बोलले?" नवरा गाडी चालवत होता. प्रत्येक सिग्नल लाल लागत होता.

हॉस्टेलवर शिक्षिकेचा भाऊ आधीच पोचलेला होता. टेबलापाशी उभा राहून वॉर्डनबाईंशी तेच गोड बोलणं चाललं होतं. "अहो, आजारी आहे ती, औषधं घरी राहिलीत. नवरा आहे मी तिचा, हा बघा फोटो." वॉर्डनबाई चष्मा लावून फोटो बघत होत्या.

मावशी सरळ जाऊन त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये उभी राहिली. "मी पोलीस आहे," ती म्हणाली. होती, असं म्हणायला हवं होतं, पण तेवढी चूक तिने मुद्दाम केली.

ताई त्यांच्या मागून जिना चढून गेली. मैत्रिणीच्या नावाची पाटी शोधली आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी ताई. तुमची नणंद माझ्याकडे येते. तुमचा नवरा खाली आलाय. चला, पटकन."

 दाराला अगदी चिकटून आवाज आला. "तुम्हाला कसं कळलं मी इथे आहे?"

याचं खोटं उत्तर देणं सोपं होतं. खोटं ऐकून दार लवकर उघडलंही असतं.

"मला विश्वासाने सांगितलं होतं," ताई म्हणाली. "माझ्याकडून फुटलं. त्यालाही माझ्याचमुळे कळलं. आता माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही तुमच्याकडे. पण तो जिना चढायच्या आत मी तुम्हाला मागच्या दाराने नेऊ शकते."

खालून मावशीचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्याचा. पहिल्यांदाच त्यात गोडवा नव्हता.

कडी निघाली. दारात एक लहानखुरी बाई उभी होती. तिने ताईकडे पाहिलं नाही. ताईच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

ताईने फोन बंद केला आणि आत, पलंगावर टाकून दिला. मग दोघी पळाल्या. मागचा जिना, कपडे धुण्याची खोली, वाफेने भरलेला बोळ, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या रांगा. चादरींच्या पलीकडे इस्पितळाचं मागचं दार होतं. तिथे मैत्रीण, ड्यूटीच्याच कपड्यांत, धापा टाकत उभी होती. वॉर्डनबाईंनी मावशीचा आवाज ऐकून तिला आधीच निरोप धाडला होता. वहिनीने तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. दार लागलं.

खाली खरे पोलीस आले. भावाने त्यांनाही नमस्कार केला. त्याचं काय करायचं ते पुढे कोर्टात ठरायचं होतं. वहिनीने तक्रार दिली एवढं मावशीकडून कळलं.

गृहस्थांनी मुलीला स्वतःहून सगळं सांगितलं, पण ताईकडे ते पुन्हा आले नाहीत. शिक्षिकाही आली नाही. नवऱ्याने कॅमेरा काढला आणि तिचं खातं वेगळं करून दिलं. पासवर्ड ठरवताना तो आपणहून खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. त्या दोघांचं नीट बोलणं मात्र अजून व्हायचं होतं. वन्सं जेवायला खाली येईनाशा झाल्या. तेव्हा ताईच ताट घेऊन वर गेली. राग गेला नव्हता. तरी ती त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बोला. तुमचं काय ते बोला. मी ऐकते." वन्सं ताट बाजूला सारून बोलू लागल्या.

पुढे एकदा बाजारात शिक्षिका समोरून आली. दोघी थांबल्या.

"बरी आहे," शिक्षिका म्हणाली. "काम लागलंय तिला."

कुठे ते तिने सांगितलं नाही. ताईनेही विचारलं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दोघी आपापल्या वाटेने गेल्या.